गुरं विकून सिंह सोडायचे म्हणतोय मित्र, पैसे घालू का?

जोबर्गकर:
नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली इथे जोहान्सबर्गला, आयटीत आहे. एका इथल्याच मित्राच्या घरची लिंपोपोत, वॉटरबर्गच्या बाजूला ३ हजार हेक्टर जमीन आहे, आजवर गुरं पाळायचे, आता त्याच्या डोक्यात आलंय की गुरं विकायची, चांगलं कुंपण घालायचं, इम्पाला, कुडू ही हरणं आणि झेब्रा थोडेफार आहेतच, त्यात सिंह आणि चार-पाच हत्ती आणायचे आणि सहा खोल्यांचं लॉज काढायचं. मला म्हणतो तूही घाल थोडे पैसे. जनावरं आपली आपण चरतात, गुरांसारखं रोज बघायला लागत नाही असं त्याचं म्हणणं. बायको म्हणते त्यापेक्षा विहिरीत टाक. कुणी जवळून बघितलंय का हे, खर्च नेमका होतो कशावर?

माळशिरसचा_बाब्या:
वहिनींचं ऐका. (बसलोय इथेच, चालू द्या)

हिशेबनीस:
क्वाझुलु-नाताळमध्ये अशाच एका छोट्या रिझर्व्हचे (खासगी अभयारण्य) हिशेब चार वर्षं बघितलेत, नाव नको. "रोज बघायला लागत नाही" हे वाचून हसूच आलं राव.

३ हजार हेक्टर म्हणजे ३० चौरस किमी. एकट्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र १९ हजार चौ. किमीच्या वर आहे, म्हणजे अंदाज घ्या. जमीन अगदी चौकोनी धरली तरी २२ किमी कुंपण, आणि चौकोनी जमीन मी तरी अजून बघितली नाही. सिंह-हत्ती म्हटले की साधारण २.४ मीटर उंची आणि विजेच्या तारा, म्हणजे आपल्याकडे डुकरांसाठी झटका मशीन लावतात तेच पण भलं मोठं. उभारायचा पैसा एकदाच जातो हो, राखायचा जातच राहतो. उजाडलं की कुणीतरी सगळं कुंपण फिरून यायचं. वॉर्टहॉग (तिकडचं रानडुक्कर) खालून उकरतो आणि त्याच भोकातून बिबटे, रानकुत्री ये-जा करतात, हत्ती तारेवर झाड पाडतो, पावसात गवत वाढून तारेला टेकलं की करंट जमिनीत, लोडशेडिंगच्या काळात तर बॅटऱ्या आणि सोलर पॅनेलची बिलं बघून मालक माझ्यावरच ओरडायचे, जसं काही मीच बटण बंद केलंय. वर तार चोरीला जाते आणि त्याच तारेचे फासे लावून आतलाच इम्पाला मारतात.

आणि खालची तार जमिनीला फार जवळ लावू नका. खवले मांजराला झटका बसला की ते पळत नाही, तारेभोवतीच गुंडाळून बसतं आणि मरतं. कासवाचं तेच, अंग आत ओढून घेतं.

कुंपणाचा कागदही लागतो. १९९१चा कायदा आहे, जनावरांच्या चोरीसंबंधीचा, त्यात कुंपण पुरेसं असल्याचा दाखला मिळाला तर पळालेलं जनावरही तुमचंच राहतं. दाखला नसेल तर शेजाऱ्याकडे गेलेल्या कुडूवर हक्क सांगताना घाम फुटतो.

डॉ_गोठा:
मी पशुवैद्य, नागपूरकडचा. तिकडे काही आठवडे ट्रेनिंगला होतो.

सिंह आणणं सोपं आहे, आणल्यानंतर काय हा प्रश्न आहे. छोट्या कुंपणात स्पर्धा नाही, पाणवठ्यावर शिकार आयती, त्यामुळे पिल्लं भराभर जगतात आणि दोन-तीन वर्षांत तुमचे झेब्रे संपतात. मग झेब्रे विकत आणा नाहीतर सिंहिणींना गर्भनिरोधक इम्प्लांट बसवा. शिवाय सगळे एकाच घरातले, म्हणून नर अधूनमधून बदलावे लागतात. चित्त्यांचं तर २०११पासून तिकडे रीतसर चाललंय, या रिझर्व्हमधून त्या रिझर्व्हमध्ये अदलाबदल, सोयरीक जमवल्यासारखी. फेब्रुवारी २०२३ला कुनोला जे १२ आले ते दक्षिण आफ्रिकेतलेच.

हत्ती तर मी म्हणेन नकोच. एक मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो, झाडं मोडतो ती वेगळी. मकालाली नावाच्या रिझर्व्हमध्ये २०००पासून हत्तिणींना गर्भनिरोधक लस देतात, डुकरिणीच्या बीजांडाच्या आवरणातल्या प्रथिनापासून केलेली, डार्टने. काम होतं पण डोस परत परत द्यावा लागतो आणि हेलिकॉप्टरचा मीटर चालूच असतो. आणि कसले हत्ती आणताय तेही बघा. पिलानेसबर्गच्या राष्ट्रीय उद्यानात क्रूगरमधली पोरकी पिल्लं आणली होती, मोठी झाल्यावर वडीलधारं कुणी नाही, नर फार लवकर माजावर आले आणि नव्वदच्या दशकात चाळीसच्या वर गेंडे मारले. शेवटी १९९८ला क्रूगरमधून सहा मोठे नर आणले तेव्हा पोरं गप्प झाली.

रानम्हशींचा मोह झाला तर लाळ्या-खुरकूत, टीबी, ब्रुसेलोसिस आणि गोचिडांमुळे गुरांना होणारा कॉरिडॉर डिसीज, चारही तपासण्या आधी. शेजारी गुरं पाळत असेल तर तो तुमच्या दारात येणार हे धरून चाला.

हिशेबनीस:
डॉक्टरांना +१. दोन गोष्टी राहिल्या.

झुडपं. आमच्याकडे रानमोडी होती, हो तीच कोकणातली, आणि घाणेरी. दोन्ही अमेरिकेकडच्या, इकडे येऊन माजलेल्या. तोडा, मुळं काढा, पुढच्या पावसात परत हजर. हिवाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या त्या निराळ्या, १९९८च्या कायद्याने त्या जमीनमालकावर बंधनकारक आहेत.

पाणवठे पण जास्त खोदू नका, पाहुण्यांना फोटो मिळतात म्हणून दर किलोमीटरला एक असा हट्ट असतो. क्रूगरच्या उत्तरेत हेच केलं, कोरड्या भागात पाणी दिलं तर झेब्रे आले, मागोमाग सिंह, आणि तिथली रोन हरणं खलास होत आली. मग बरेचसे पाणवठे बंद करत बसले.

बाकी मार्च २०२०ला लॉकडाऊन लागलं तेव्हा आमचं बुकिंग शून्य झालं आणि रखवालदार, डिझेल, कुंपण तसंच. ते महिने आठवले की अजून पोटात गोळा येतो.

जोबर्गकर:
बापरे. म्हणजे निसर्ग आपोआप चालतो तो कुंपणाच्या बाहेर, आत सगळं आपणच करायचं. पण मग लोक करतात कसे?

हिशेबनीस:
सिंह-हत्ती न घेता करतात बरेच जण. हरणं, झेब्रे, जिराफ, वर्षाकाठी हवेतून मोजणी करायची (झाडांची पानं झडलेली असतात तेव्हा) आणि वाढीव जनावरं विकायची. पकडापकड थंडीतच, उन्हात जनावर दगावतं. शिकारीचंही उत्पन्न घेतात, ते तुम्हाला पटतं का बघा, मला चार वर्षांत पटलं नाही पण पगार त्यातूनच व्हायचा.

दुसरं म्हणजे शेजाऱ्याशी बोला. मधलं कुंपण काढलं की जागाही वाढते आणि राखायचे किलोमीटरही कमी होतात. १९९३मध्ये क्रूगर आणि पश्चिमेकडच्या खासगी रिझर्व्हनी तेच केलं. मित्राचा शेजारी कोण आहे?

जोबर्गकर:
सख्खा काका. गुरंच पाळतो. बांधावरून कोर्टात केस चालू आहे दोघांची.

माळशिरसचा_बाब्या:
हे तर आमच्याच गावचं निघालं.