निरोप, पाठवणी की बोळवण? एका आईचं वाक्य अडलंय

खाडीकाठ (अलिबाग):
वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी एका उताऱ्याचं मराठी करतोय. व्हिएन्ना, १९३९. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची घरंदारं, प्रार्थनास्थळं फोडली-जाळली, त्यानंतर युद्धाला तोंड लागेपर्यंत सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, आईबापांविना इंग्लंडला धाडली गेली. गळ्यात नंबराची चिठ्ठी, हातात लहानशी बॅग. उताऱ्यातली आई 'गुडबाय' म्हणते. तिथे काय लिहू? शीर्षकाला 'पाठवणी' घेतलं, तर ती फक्त लग्न झालेल्या लेकीची, अशी हरकत आली.

पोफळी (गुहागर):
पाठवणी गौरींचीही करतो की! पण त्यात पुढच्या वर्षीचं येणं धरलेलं असतं. यातल्या बहुतेक मुलांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत. 'निरोप' तर कुणी तोंडाने म्हणत नाही. जाणारा 'येतो' म्हणतो, राहणारा 'ये' म्हणतो.

शब्दवेडा (चिपळूण):
'बोळवण' घ्या. अस्सल शब्द आहे. आमचे आजोबा त्याचं मूळ 'बोल'मध्ये सांगत: चार बोल बोलून वाटेला लावणं.

दर्यावर्दी (मालवण):
ल चा ळ असा मनाला येईल तिथे होत नाही. आणि आज बोळवण म्हटलं की 'दोनशे रुपयांवर बोळवण केली' हेच आठवतं. पोटच्या पोराला कुणी असं म्हणेल? आमच्यात 'जातंय' तोंडातून निघालं की आजी उंबऱ्यातच अडवी. 'येतंय म्हण' सांगून हातावर दही घाली, ते चाटल्याशिवाय पाऊल बाहेर नाही.

शब्दवेडा:
अर्थ घसरला म्हणून शब्द टाकत गेलो तर मराठीत उरेल काय? चांगल्या जागी वापरला तरच तो सावरेल.

किनारा (रेवदंडा):
शब्द सावरायला ही जागा नव्हे, ती बाई लेकराला सोडतेय. खाडीकाठ, तुमच्याच गावात इस्रायल आळी आहे, तिथे विचारा. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत मराठीच बोलतात. १९४८ नंतर त्यातले कितीतरी इस्रायलला गेले. इथे त्यांना कुणी छळलं नव्हतं, ते आपल्या मर्जीने गेले, त्यामुळे दोन्ही प्रसंग एका मापाने मोजू नयेत. पण आमच्या शेजारच्या मावशी निघाल्या तेव्हा दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवली आणि आईला म्हणाल्या, "येते गं." पुन्हा येणं झालं नाही.

पोफळी:
मग आईच्या तोंडी हे घाला: "तू हो पुढे, आम्ही आलोच." अजून निघालेलीही नाही आणि 'आलोच' म्हणते. आम्ही मागून येतो, असं कितीतरी आईबापांनी त्या मुलांना खरोखर सांगितलं होतं.

खाडीकाठ:
वाचताना घसा दाटला. पण मुळात ती असं वचन देत नाही. ते मी तिच्या पदरी कसं बांधू?

शब्दवेडा:
नकाच बांधू. आणि मसुद्यात 'प्लॅटफॉर्म' असेल तर तो 'फलाट' करा.

दर्यावर्दी:
फलाट तरी कुठे अस्सल? तो प्लॅटफॉर्मचाच झालेला. आईबापांना कित्येक ठिकाणी तिथवर येऊच देत नसत, हे आधी तपासा.

शब्दवेडा:
रुळलेला शब्द अस्सलच. 'टेबल' काढून 'मेज' म्हणाल का?

किनारा:
मेज तरी फारसीच.