२९ आठवड्यांत जन्मलेला मुलगा, आता ७ वर्षांचा, बटणं लागत नाहीत. खाणं कमी पडतंय का?

लेकाची आई:
जन्माला वजन १२०० ग्रॅम. आता बोलायला एकदम चुणचुणीत आहे, पण शर्टाचं बटण काजातून अर्धं बाहेर येतं आणि सुटतं, तीनदा झालं की रडारड. चेंडू झेलता येत नाही, अक्षर ओळीत बसत नाही. खाणं म्हणाल तर चार घास आणि तोंड मिटलं. घरचे म्हणतात ताकदच नाही, खाऊ घाल, सगळं होईल. मी ताट घेऊन मागे मागे फिरते. खरंच खाण्यानं होईल?

मुलांची ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं सरावानं शिकवणारी):
ताई, आधी ते ताट घेऊन फिरणं बंद करा. तोल आणि हालचालींची जुळवाजुळव सांभाळणारा छोटा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्यानं वाढतो, आणि तोच काळ तुमच्या बाळानं काचेच्या पेटीत काढला. शाळेच्या वयात साधारण ५-६ टक्के मुलांना डीसीडी, म्हणजे हालचालींची जुळवाजुळव न जमण्याचा त्रास, असतो, फार लवकर जन्मलेल्यांत प्रमाण बरंच जास्त. हा आळस नाही हो! मुलाच्या हालचाली तपासणारी मूव्हमेंट एबीसी नावाची चाचणी असते, ती करून घ्या. आणि सराव बटणाचाच करायचा, नुसता चिकणमातीचा बॉल दाबून बटण लागत नाही. शर्ट अंगात न घालता मांडीवर ठेवा, बटण मोठं, काज सैल, तुम्ही अर्धं घाला आणि शेवटचं ओढणं त्याला करू द्या.

दोन्ही मुलं लवकरची:
ओटी ताईंचं पटलं, पण रक्त तपासाच. लोहाचा साठा बाळाला मुख्यतः शेवटच्या महिन्यांत मिळतो, त्यामुळे ही मुलं कमी साठ्यावरच सुरुवात करतात. माझी मुलगी जेवत नाही म्हणून मी दूधच पाजत राहिले, दुधानं पोट भरायचं, त्यात लोह जवळपास नसतंच, फेरिटिन (रक्तातून लोहाचा साठा सांगणारा आकडा) खूप खाली निघालं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि नळीनं दूध घेतलेल्या मुलांना तोंडात काही गेलेलं बरेचदा नकोसं होतं, जबरदस्तीनं ते वाढतं. वजन भराभर वाढवायच्या मागेही लागू नका, पुढे बीपीचा त्रास होऊ शकतो.

लेकाची आई:
तपासणीची वेळ घेतली. काल मांडीवरच्या शर्टाचं शेवटचं बटण त्यानं ओढलं, मग लगेच काढून परत मागितलं, "अजून एकदा, पण तू हात लावू नकोस."