आवंढा, श्वास, पापणी: लक्ष अडकवणाऱ्या ओसीडीत नेमकं थांबवायचं काय?

प्रश्न (कोराकागद):
ओसीडीवर (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि भीती शमवायला त्याच त्या कृती कराव्याशा वाटणं, हा मनाचा आजार) 'भीतीला सामोरं जा, पण सक्तीची कृती करू नका' हा उपाय सगळीकडे सांगतात. हात धुण्याच्या बाबतीत तो कळतो: घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचा नाही. पण मंत्रचळ शरीरात आपोआप चालणाऱ्या क्रियेचा असेल तर? दिवसभर प्रत्येक आवंढ्याकडे लक्ष, एक गेला की पुढच्याची वाट. आवंढा गिळणं तर बंद करता येत नाही. मग सामोरं कशाला जायचं आणि थांबवायचं काय? घशाची तपासणी झाली आहे, दोष नाही. लक्ष दुसरीकडे वळवलं की उलट वाढतं.

तिसराप्रहर:
उलट वाढणारच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. 'विसरलो का?' हे बघायचं तर आठवावंच लागतं.

आता मुद्दा. आवंढा हा आजार नाही, आणि तिकडे लक्ष जाणं ही सक्तीची कृतीही नाही. ते आपल्या हातातच नसतं. भीती वेगळीच असते: 'हे आता कधीच डोक्यातून जाणार नाही, यापुढे एक पानसुद्धा धड वाचता येणार नाही.' सामोरं जायचं ते या वाक्याला.

थांबवायच्या गोष्टी बारीक असतात, म्हणून नजरेतून सुटतात. आवंढे मोजणं. 'नीट' गिळला गेला नाही म्हणून परत गिळणं. आपोआप यायच्या आधीच गिळून मोकळं होणं. जीभ ठरावीक जागी धरून ठेवणं. तोंडात च्युइंगगम, हाताशी कायम पाण्याची बाटली. घरच्यांना 'तुम्हालाही जाणवतो का?' विचारणं. आणि सगळ्यात चोरटी कृती: गेल्या पाच मिनिटांत विसर पडला होता का, याची मनातल्या मनात चाचपणी. जखम भरली का ते बघायला खपली काढण्यासारखंच ते.

पुन्हा पुन्हा कोरडं गिळण्यात आणखी एक गोची आहे. तोंडातली लाळ संपते, लाळेशिवाय गिळणं खरोखरच जड जातं, मग घशात काहीतरी अडल्यासारखं वाटतं आणि भीतीला आयता पुरावा मिळतो.

सराव रोज २०–३० मिनिटं. आधी नुसतं बसून आवंढ्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचं. तो येईल तेव्हा येऊ द्यायचा, सुधारायचा नाही. मनात म्हणायचं, 'कदाचित हे कायमचं राहील', आणि पुढचं 'नाही, जाईल' हे जोडायचं नाही. ते जोडलं की सराव फुकट. हे जमू लागलं की वाचताना, बोलताना तेच करायचं. फोनवर, दारावर, वहीवर रंगीत ठिपके चिकटवा. ठिपका दिसला की लक्ष स्वतःहून बोलवायचं आणि हातातलं काम चालूच ठेवायचं. शेवटी टाळलेल्या जागा: शांत खोली, बैठक, चारचौघांत जेवण. बाटली आणि इअरफोन न घेता.

अर्धविराम:
वरच्याशी सहमत, फक्त ठिपक्यांची जागा दर आठवड्याला बदला, नाहीतर डोळे सरावतात.

श्वास ज्यांच्या मागे लागतो त्यांच्यासाठी थोडं वेगळं. 'लक्ष दिलं नाही तर श्वास बंद पडेल' या भीतीने माणूस मुद्दाम खोल श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, डोकं हलकं होतं आणि हवा पुरत नाही असं वाटतं. मग आणखी खोल श्वास, की चक्र सुरू. खरं तर मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र या वायूच्या पातळीवरून श्वास चालवतं, झोपेतही. पण ही माहिती एकदाच वाचायची. धीर यावा म्हणून रोज दहादा आठवली तर तीच सक्तीची कृती होते.

म्हणूनच सरावात 'दीर्घ श्वास घ्या' बसत नाही. श्वास उथळ, वेडावाकडा, अर्धवट जसा असेल तसा. श्वासावरच्या ध्यानाचंही तेच: नुसतं बघणं चालेल, पण शांत वाटावं म्हणून करत असाल तर तो नवा विधी झाला.

पापण्या: निवांत असताना मिनिटाला साधारण १५–२० वेळा लवतात, स्क्रीनसमोर कमी. लवू नये म्हणून डोळे ताणले की ते कोरडे पडतात आणि जास्तच लवतात. धडधड असेल तर नाडी बघणं बंद, ठोके दाखवणारं घड्याळ ड्रॉवरमध्ये.

कोराकागद:
विसर पडला का हेच बघायचं नाही, तर प्रगती कळणार कशी?

तिसराप्रहर:
कामावरून. रात्री एकदाच, दोन मिनिटं, दोन रकाने: ठरवलेलं काम आवंढ्यासकट पूर्ण झालं का, आणि कोणत्या कृती हातून झाल्या. 'आज किती वेळ लक्ष गेलं' हा रकाना नको, तो भरायला दिवसभर पहारा ठेवावा लागतो. तीव्रता मोजायचं काम थेरपिस्टवर सोडा. त्यांच्याकडे दहा प्रश्नांची, ० ते ४० गुणांची येल-ब्राउन मोजपट्टी असते.

मध्यममात्रा:
औषधांचं कुणी लिहिलं नाही. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन या गटातल्या औषधांचा डोस ओसीडीत बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला ८–१२ आठवडे जाऊ शकतात. तिसऱ्या आठवड्यात 'उपयोग नाही' म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. बंदही एकदम करू नये. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांचं लक्ष हवं. तसं काही जाणवलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

आवंढ्याच्या तक्रारीत एक गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगा: ओसीडीवरच्याच क्लोमिप्रामिन या औषधाने तोंड बरंच कोरडं पडतं. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी ईसीजी काढण्याची पद्धत आहे. झोपेच्या किंवा 'घाबरल्यावर घ्या' प्रकारच्या गोळ्या तात्पुरतं बरं वाटवतात, पण सवय लागते आणि वरचा सराव मुरत नाही.

तपासणी एकदा झाली, ती पुरे. दुसरं-तिसरं मत घेत फिरणं थांबवायच्या कृतींच्या यादीतच जातं. अपवाद नव्या लक्षणांचा: घास खरोखर अडकणं, वजन घटणं, थोडं चाललं तरी धाप लागणं, शुद्ध हरपणं. तेव्हा सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टर.