मदत हवी आहे : सात वर्षांच्या मुलीसाठी सतार पूर्ण मापाची घ्यावी की लहान?

नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीला सतारच शिकायची आहे आणि हा हट्ट बरेच दिवस टिकून असल्यामुळे तो मनावर घ्यावा असे आम्ही ठरवले आहे. ज्या गावात गायक-वादक मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली, त्या गावात शिकवणारे मिळणे अवघड नाही. अडचण आहे ती वाद्याच्या मापाची. माझ्या आईची मिरजेहून आणलेली सतार घरात आहे. तिची लांबी सुमारे १२० सेंटीमीटर आहे आणि मुलीची उंची ११८.

उजवा पाय डाव्यावरून घेऊन भोपळा डाव्या पावलाच्या तळव्याशी टेकवावा आणि उजव्या हाताच्या भाराने वाद्याचा तोल सांभाळावा, म्हणजे डावा हात दांडीवर मोकळा फिरतो, हे तिला शिकवणाऱ्या बाईंनी नीट समजावले आहे. परंतु भोपळ्यावरून हात टाकताना तिचा खांदा कानापर्यंत चढतो, नखी घातलेले बोट तारेपर्यंत जेमतेम पोहोचते आणि सतार घसरू नये म्हणून ती डाव्या हाताने दांडी घट्ट धरून ठेवते. ही सवय जडली तर पुढे मींड घेताना (पडद्यावर तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाताना) नडेल, अशी मला भीती वाटते. घडी घातलेल्या सतरंजीवर बसवून आणि भोपळ्याखाली रबरी कापड ठेवून पाहिले. घसरणे थांबले, खांदा मात्र अजून उतरलेला नाही.

दुसरी अडचण पडद्यांची आहे. बाजाची, म्हणजे वाजवायची मुख्य तार मंद्र (खालच्या सप्तकातल्या) मध्यमात मिळवलेली असल्यामुळे मंद्र पंचमाचा पडदा अगदी खुंट्यांकडच्या टोकाला येतो. तिथवर हात नेताना तिचे कोपर सरळ होते आणि सगळी सतार डावीकडे कलते. मध्य षड्जाचा पडदा तारेच्या लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे आमच्या सतारीत जवळजवळ ३० सेंटीमीटर अलीकडे आहे. तिथून तार षड्जापर्यंत ती आरामात वाजवते. मग वर्षभर मध्य सप्तकातलेच पलटे (स्वरांचे सराव) आणि उजव्या हाताच्या आघातांचे ‘दा रा’ हे बोल पक्के करावेत, मंद्राकडे वळूच नये, हे शिक्षणाच्या दृष्टीने चालेल का?

बाईंचे मत असे, की दहाव्या वर्षापर्यंत गळ्यावर स्वर बसवावेत आणि मग सतार हातात द्यावी. गाणे शिकणे मलाही मान्य आहे, पण तीन वर्षांनी हीच ओढ राहील याची खात्री कोण देणार? व्हायोलिन किंवा दिलरुबा सुचवणारेही भेटले. तिला ते नको आहे, त्यामुळे तो विषय मी बंद केला आहे.

राहता राहिली लहान सतार. तिच्याबद्दल माझी खरी शंका पट्टीची, म्हणजे षड्ज किती उंच धरायचा याची आहे. आमच्या सतारीची मोकळी तार सुमारे ८८ सेंटीमीटर आहे. पाऊण मापाच्या सतारीत ती ६६ होईल. तीच तार तेवढ्याच ताणावर ठेवली तर काळी एकची (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज असलेली) सतार काळी तीनला जाते. काळी एकलाच उतरवायची म्हटले तर तार ढिली पडून पडद्यांवर खरखरणार, आणि जाड तार लावली तर ती दाबताना लहान बोटांचे हाल होणार. चेलोच्या बाबतीत पाश्चात्त्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिकडे पाव, अर्धा, पाऊण अशा मापांचे चेलो मिळतात आणि प्रत्येक मापासाठी वेगळ्या तारा असल्यामुळे मूल पहिल्या दिवसापासून मोठ्यांच्याच स्वरांत वाजवते. आपल्याकडे मुलीची सतार काळी तीनला आणि बाईंची काळी एकला असेल, तर दोघींनी एकत्र वाजवायचे कसे?

म्हणून ज्यांनी आठ-नऊ वर्षांखालील मुलांना प्रत्यक्ष सतार शिकवली आहे, त्यांना विचारावेसे वाटते. लहान सतार कोणत्या पट्टीत लावता आणि बाजाला कोणत्या नंबरची तार घालता? तिच्यात तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) असाव्यात, की सुरुवातीला त्यांच्याविना हलकी सतार बरी? मूल दोन-तीन वर्षांनी मोठ्या सतारीवर गेले, की पडद्यांमधली अंतरे बदलल्यामुळे हात किती काळ चुकतो? बोटांना तेल लावूनही तिच्या तर्जनीवर लाल रेघ उमटते, म्हणून सध्या एका वेळी दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू देत नाही. हे योग्य आहे की फारच कमी, तेही सांगावे.

मिरजेचे कारीगर मापे घेऊन लहान सतार करून देतात असे ऐकले आहे. कुणी तशी करून घेतली असेल, तर मुलाची कोणती मापे कळवली होती (बसल्यावरची उंची, हाताची लांबी की आणखी काही) हे कृपया लिहावे. दिवाळीत आम्ही सांगलीला जाणार आहोत. तेव्हा सतार सांगून येण्याचा विचार आहे.