ग्रंथालयाच्या सर्व्हरसाठी डिस्कचे विभाजन आणि बॅकअप कसा आखावा?

प्रश्न : ग्रंथसखा

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात नव्या सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली बसवायची आहे. सर्व्हरमध्ये ४८० जीबीची एक एसएसडी आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आहेत. पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव यांचा डेटाबेस जेमतेम ५ जीबीचा आहे. मात्र जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने १.२ टीबी भरतात आणि त्यात दर महिन्याला भर पडते. पुरवठादाराचे म्हणणे असे की, एसएसडीचे एकच पार्टिशन करावे आणि दोन्ही हार्ड डिस्क रेड १ मध्ये जोडाव्यात, म्हणजे प्रत्येक फाइल आपोआप दोन ठिकाणी राहील व वेगळ्या बॅकअपची गरज उरणार नाही. हे कितपत योग्य आहे? ‘/व्हार’ (सतत बदलणारा डेटा आणि कामाच्या नोंदी जिथे साठतात तो फोल्डर) वेगळ्या विभागात ठेवावे का, आणि ठेवल्यास केवढे?

उत्तर : मूळनिर्देशिका

बॅकअपचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच महागात पडणारा आहे. रेड १ मुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. कोणी चुकून फोल्डर पुसला किंवा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर शिरले, तर ते नुकसान दुसऱ्या डिस्कवरही त्याच क्षणी उतरते. रेड अवश्य करा, पण त्याला बॅकअप म्हणू नका. शिवाय या योजनेत डेटाबेस ज्या एसएसडीवर राहणार, तिला तर जोडीदारच नाही.

विभाजनासाठी जीपीटी ही डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत वापरा. जुन्या एमबीआर पद्धतीत नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरने २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. एसएसडीवर ईएफआय आणि बूट या सर्व्हर सुरू होताना लागणाऱ्या विभागांना प्रत्येकी १ जीबी द्या आणि उरलेली सर्व जागा एलव्हीएमकडे (विभागांचे आकार नंतर बदलू देणाऱ्या व्यवस्थेकडे) सोपवा. त्यातून मूळ (रूट) विभागाला ४० जीबी, स्वॅपला (मेमरी अपुरी पडल्यास लागणाऱ्या जागेला) ८ जीबी आणि ‘/व्हार’ला १५० जीबी पुरे. राहिलेली निम्म्याहून अधिक जागा कोणालाही न देता मोकळी ठेवा. ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली चालू स्थितीत वाढवता येते, पण लहान करायची तर आधी अनमाउंट (म्हणजे प्रणालीपासून वेगळी) करावी लागते. म्हणून सुरुवातीला हात आखडता घेतलेला बरा.

‘/व्हार’ वेगळे ठेवण्याचे कारण तुमच्या बाबतीत अगदी ठोस आहे. मारियाडीबी या डेटाबेस-प्रणालीचा डेटा, कोहाचे लॉग आणि कोहा रोज स्वतःहून घेत असलेल्या प्रती हे सगळे तिथेच साठते. तो विभाग तुडुंब भरला तर देवघेव अडकेल, पण मूळ विभाग मोकळा असल्याने तुम्हाला आत शिरून सफाई तरी करता येईल.

स्कॅनसाठी रेडवर ईएक्सटी४ करताना एक बारीक गोष्ट पाहा : ही फाइलप्रणाली सुपरयूजरसाठी (मुख्य प्रशासकासाठी) मुळातच ५ टक्के जागा राखून ठेवते, म्हणजे ४ टीबीवर तब्बल २०० जीबी. निव्वळ साठवणीच्या विभागावर ते प्रमाण ट्यून२एफएस या आज्ञेने १ टक्क्यावर आणावे.

उत्तर : रात्रपाळी

विभाजनाबद्दल वरील मताशी सहमत आहे. बॅकअपबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. डेबियनच्या पॅकेजमधून कोहा बसवल्यास ते रोज डेटाबेसचा डंप (संपूर्ण मजकुराची फाइल) आणि सेटिंगची गठडी अशा दोन फाइल ‘/व्हार/स्पूल/कोहा’मध्ये ठेवते, पण मुळातल्या मांडणीत फक्त दोन दिवसांच्याच प्रती राखते. एखादी चूक शुक्रवारी झाली आणि सोमवारी लक्षात आली, तर चांगली प्रत तोवर पुसली गेलेली असते. शिवाय मूळ डेटा आणि प्रत दोन्ही त्याच एसएसडीवर! त्या फाइल रोज रेडवर उतरवा आणि किमान महिनाभराच्या ठेवा. ५ जीबीच्या डेटाबेसला ते मुळीच जड नाही.

स्कॅनचे गणित वेगळे आहे, कारण त्या फाइल बदलत नाहीत, फक्त वाढतात. आरसिंक या फाइलींची नक्कल करणाऱ्या आज्ञेने ‘डिलीट’ पर्याय लावून हुबेहूब प्रत ठेवली, तर मूळ ठिकाणी पुसलेली फाइल पुढच्या फेरीत प्रतीतूनही जाते. त्यापेक्षा बोर्ग किंवा रेस्टिक यांपैकी एक बॅकअपचे साधन घ्या. दोन्ही जुन्या तारखांच्या प्रती सांभाळतात आणि तोच मजकूर पुन्हा साठवत नाहीत. ४ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून वापरा आणि त्यांपैकी एक कायम ग्रंथालयाबाहेर असू द्या. डेटाबेसच्या प्रतीही त्यांवर घ्या. पूर, आग आणि चोरी यांवर एवढ्या अनुदानात दुसरा इलाज मला दिसत नाही. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्राची शोधसूची मात्र डेटाबेसवरून पुन्हा बांधता येते, तिच्या प्रतींवर जागा घालवू नका.

ग्रंथसखा

दोघांचे आभार. डिस्क बदलायला कर्मचारी विसरला आणि रात्री यूएसबी डिस्क जोडलेलीच नसली, तर काय होईल?

उत्तर : मूळनिर्देशिका

नेमकी हीच जागा निसरडी आहे. डिस्क नसली तरी तिचा माउंट करण्याचा (म्हणजे ती जिथे जोडली जाते तो) फोल्डर असतोच, त्यामुळे बॅकअप निमूटपणे मूळ विभागावर लिहिला जातो आणि ४० जीबी रातोरात भरतात. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने डिस्क जोडलेली असल्याची खात्री करा आणि डिस्क नसल्यास काम तिथेच थांबवून ईमेल पाठवा. एफएसटॅब या डिस्कची यादी असलेल्या फाइलमधील नोंदीत यूयूआयडी (डिस्कचा स्वतंत्र ओळखक्रमांक) वापरा, म्हणजे डिस्क कोणत्याही पोर्टला लावली तरी ओळखली जाईल. दोन्ही डिस्कच्या नोंदी वेगळ्या करा आणि त्यांत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहा, नाहीतर डिस्कविना सर्व्हर सुरू करताना तो आपत्कालीन स्थितीत अडकून बसेल.

आणि सर्व्हर वाचकांसाठी खुला करण्यापूर्वी एखाद्या जुन्या संगणकावर यूएसबी डिस्कवरून कोहा उभे करून पाहा. एखाद्या सभासदाच्या खात्यावर कालची देवघेव आणि मासिकाचे एखादे पान उघडले, तरच पुरवठादाराचे बिल चुकते करा.