मिक रॉकसारखे फोटोग्राफर आयुष्यभर पोट कशावर भरत असतील?

गिगमागे_कॅमेरा:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात दोनेक वर्षं बँड लोकांचे फोटो काढतोय, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार, आणि खरं सांगायचं तर बहुतेक फुकटच. मागच्या आठवड्यात एका मित्राकडे क्वीन ह्या ब्रिटिश रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमची जुनी एलपी हातात आली, तो काळाकुट्ट अंधार, त्यातून वर आलेले चार चेहरे आणि मधे छातीवर हात आडवे घेतलेला गायक फ्रेडी मर्क्युरी, मी गाणी ऐकायचंच विसरलो आणि कव्हर बघत बसलो. मागे नाव होतं मिक रॉक. मग चार रात्री त्याचंच वाचतोय. डेव्हिड बोवी, लू रीड, इगी पॉप, ह्या सगळ्या रॉक गायकांचे जे फोटो आपल्या डोक्यात बसलेत त्यातले कितीतरी ह्या एकाच माणसाचे! मला विचारायचंय की ह्याला हे जमलं कसं, आणि ह्यात आयुष्यभर पैसा मिळाला का? कारण माझे स्टेजवरचे फोटो अर्धे हललेले येतात आणि पैशाचं तर विचारूच नका.

निगेटिव्ह_जपणारा:
भाऊ, माझ्या आवडीचा विषय काढलात. मिक १९४८ चा, लंडनचा. फोटोग्राफी शिकलेला वगैरे अजिबात नाही, केंब्रिजला फ्रेंच-जर्मन शिकत होता. पहिला अनुभव त्याने स्वतःच बऱ्याचदा सांगितलाय, एलएसडीच्या नशेत मित्राचा कॅमेरा उचलला आणि सटासट क्लिक करत सुटला, नंतर कळलं की आत रीळच नव्हतं. पण बघायची गोडी लागली ती लागलीच.

आता तुमच्या "जमलं कसं"चं उत्तर केंब्रिजमधेच आहे. तिथे त्याची सिड बॅरेटशी ओळख झाली, पिंक फ्लॉइड बँडवाला सिड. १९६९ मधे सिडच्या अर्ल्स कोर्टच्या फ्लॅटवर, जिथे त्याने जमिनीच्या फळ्या केशरी-जांभळ्या रंगवल्या होत्या, तिथे मिकने फोटो काढले. १९७१ ला सिड बँड सोडून आईच्या घरी परत गेला होता तेव्हाही मिक तिकडे जाऊन फोटो आणि मुलाखत दोन्ही घेऊन आला. म्हणजे बघा, ज्याच्याकडे बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली त्याच्या अंगणात हा बसला होता. बोवीचंही तेच. १९७२ च्या मार्चमधे भेटला तेव्हा बोवी अजून तसा मोठा स्टार नव्हता. पुढची दीड-दोन वर्षं झिगी स्टारडस्ट ह्या स्वतःच रचलेल्या पात्राच्या वेषातला बोवी मेकअपच्या आरशासमोर, ट्रेनमधे जेवताना, विंगेत, सगळीकडे मिक सोबत. सुरुवातीच्या काही गाण्यांचे व्हिडिओपण त्यानेच केले. असे फोटो लेन्सने निघत नाहीत हो, समोरचा माणूस तुमच्यासमोर विग काढून बसतो का ह्यावर निघतात.

वाईचा_रेडिओ:
क्वीनच्या कव्हरवर मी लिहिणारच, कारण फ्रेडी आमच्या घाटावरच शिकला! फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच पियानो शिकला, तिथेच शाळेतला पहिला बँड केला, द हेक्टिक्स. पसरणी घाट चढताना मला दर वेळी हे आठवतं आणि छाती फुगते.

तर ते कव्हर १९७४ चं. मिककडे मार्लीन डीट्रिखचा १९३२ च्या सिनेमातला एक जुना फोटो होता, वरून पडलेला उजेड, खाली मिटल्यासारखे डोळे, हात वर घेतलेले. तो त्याने बँडला दाखवला आणि फ्रेडीला तो इतका पटला की बाकीच्यांना त्यानेच गळी उतरवलं. नुसती आयडिया उचलली असं म्हणू नका, एका बाईचं पोर्ट्रेट होतं त्याची चार पुरुषांची चौकट केली, ही नजर फोटोग्राफरची. आणि पुढच्या वर्षी क्वीनच्याच बोहेमियन ऱ्हॅप्सडी गाण्याच्या व्हिडिओत ते चार चेहरे तसेच अंधारात उभे राहिले, आज जगातलं कुठलंही पोर ती पोझ ओळखतं. पाचगणीच्या हॉस्टेलवरचा एक पारशी मुलगा हॉलिवूडच्या नटीसारखा उभा राहतो आणि ते जगाला पटतं, मला ह्याचं फार म्हणजे फारच कौतुक आहे.

डार्करूमवाली:
हललेल्या फोटोंबद्दल मी सांगते. लू रीडचा ट्रान्सफॉर्मर अल्बम बघा, पांढराफटक चेहरा, डोळ्यांच्या जागी काळे डाग. तो फोटो जुलै १९७२ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस सिनेमात कॉन्सर्टमधे काढलेला. निगेटिव्ह ठीक होती, डार्करूममधे प्रिंट करताना चुकून फोकस गेला आणि मिकला तेच आवडलं, मग तसंच परत आणायला त्याला कितीतरी प्रिंट कराव्या लागल्या. लगेच दुसऱ्या रात्री त्याच थिएटरमधे इगी आणि त्याचा बँड स्टूजेस, तिथला फोटो त्यांच्या रॉ पॉवर अल्बमचं कव्हर झाला. दोन रात्री आणि दोन कव्हरं!

दुसरं उदाहरण फोटोग्राफर पेनी स्मिथचं. सप्टेंबर १९७९, न्यूयॉर्कचा पॅलेडियम, द क्लॅश बँडचा पॉल सिमनन बेस गिटार जमिनीवर आपटतोय. फोटो आउट ऑफ फोकस होता म्हणून पेनीला स्वतःला तो कव्हरवर नको होता, बँडने हट्ट धरला, आणि आता त्यांचा लंडन कॉलिंग अल्बम म्हटलं की तोच. तेव्हा हललाय म्हणून लगेच डिलीट मारू नका, रात्री नाही, दोन दिवसांनी बघा. पण दादा, ह्याचा अर्थ सेटिंग शिकायचं नाही असा नाही. ते लोक ४०० ची फिल्म पुश करून, म्हणजे ती जास्त संवेदनशील असल्यासारखी वापरून, कमी उजेडात मारायचे आणि प्रत्येक फ्रेमचे पैसे पडायचे, म्हणून त्यांना गाण्याचा ठेका पाठ असायचा. ड्रमर कधी हात वर घेणार हे आधी माहीत असेल तर तुमचे अर्धे फोटो आपोआप स्थिर येतील. रिहर्सलला जाऊन बसा, कॅमेरा बॅगेतच ठेवून.

अजून एक नाव वाचा, अमेरिकेतला जिम मार्शल. माँटेरीच्या संगीत महोत्सवात १९६७ मधे गिटार पेटवणारा हेंड्रिक्स, सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या कार्यक्रमात मधलं बोट दाखवणारा गायक जॉनी कॅश, हे त्याचे. त्याची अट एकच असायची, सगळीकडे जायला मिळालं पाहिजे नाहीतर मी येत नाही. आता आपल्याला पहिली तीन गाणी शूट करा आणि निघा म्हणतात, त्यात कसलं पोर्ट्रेट येणार!

निगेटिव्ह_जपणारा:
पैशाचं राहिलं होतं. मिकचं सत्तरच्या दशकात नाव झालं, पुढे न्यूयॉर्कला गेला, रमोन्स बँड आणि गायिका जोन जेटच्या अल्बमची कव्हरं केली, पण कोकेन आणि रात्र-रात्र जागरणं ह्यात शरीराची वाट लागली. १९९६ मधे हार्ट अटॅक, चार बायपास. तेव्हा पन्नाशीपण झाली नव्हती. नंतर सगळं सोडलं, योगासनं आधीपासून करायचाच ती धरून ठेवली, आणि पुढे लेडी गागापर्यंतचे नवे लोक शूट केले. नोव्हेंबर २०२१ ला गेला.

पण त्याला उतारवयात उभं केलं ते जुन्या निगेटिव्हनी. २०१५ मधे बोवीच्या फोटोंचं जे मोठं पुस्तक निघालं त्याच्या १९७२ प्रती काढल्या, झिगीच्या सालाइतक्या, प्रत्येकीवर बोवीची आणि मिकची सही. बोवी पुढच्या जानेवारीत गेला. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची रिळं कोणाकडे होती, ह्यावर हे सगळं उभं आहे.

गिगमागे_कॅमेरा:
वाचून अंगावर काटा आला. मागच्या वर्षी एका पबने माझा फोटो सरळ पोस्टरवर छापला, नाव नाही, विचारलं नाही, मी फुकट काढला होता म्हणून मला वाटलं आपला हक्कच नाही, गप्प बसलो. अजून खुपतं ते.

कागदपत्र_काका:
अहो उलट आहे! आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणाराच मूळ मालक. अपवाद असा की कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे नोकरी म्हणून किंवा हक्क लिहून दिले असतील ते सोडा, पण फुकट काढलेला फोटो तुमचाच होता, आणि पैसे घेऊन काढाल तेव्हा मात्र दोन ओळी लिहून घ्याव्याच लागतील, हक्क फोटोग्राफरकडे, बँडला अमुक कामासाठी वापरायची परवानगी. व्हॉट्सॲपवर नको, साधा का होईना पण सही केलेला कागद करा. फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या आयुष्यभर आणि त्यानंतर साठ वर्षं चालतो, तेव्हा आज पंचविशीत असाल तरी पार नातवंडांपर्यंतचा विचार करा. आणि रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स) दोन वेगळ्या ड्राइव्हवर, एक घरी एक दुसरीकडे.

गिगमागे_कॅमेरा:
काका, फार मोठं काम केलंत. शनिवारी एका बँडची रिहर्सल आहे, पहिला तासभर कॅमेरा बॅगेत, आणि खिशात कागद घेऊन जातोय. ताई, मागच्या वर्षीचे हललेले फोटो अजून डिलीट केलेले नाहीत, आज रात्री परत काढून बघतो, त्यातला एक ड्रमरचा इथे टाकतो.