राउरकेलात हॉकी बघायला कुठं बसावं?

मिरजकर: आबांना घेऊन बिरसा मुंडा स्टेडियमला निघालोय. तिकीट मधल्या स्टँडचं काढू की गोलामागचं? आबा सत्तरीचे, गुडघे कुरकुरतात.

कृष्णाकाठ: मधलंच, पण जरा वर. मैदान 91.4 मीटर लांब. पहिल्या रांगेत बसलात तर पलीकडच्या डीमध्ये, म्हणजे गोलापुढच्या अर्धगोलात, नुसती स्टिकांची गर्दी दिसते. वरनं बघितलं की पास कुठनं फुटतोय ते कळतं. कुस्तीच्या मैदानासारखं पुढं घुसून बसायची आपली सांगलीकरांची खोड इथं कामाची नाही. गोलामागं पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल मिळणारा गोलावरचा हल्ला) अंगावर येतो, ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकनं चेंडू ओढून गोलाकडं भिरकावणं, बघावा तर तिथनंच. पण हाफटाइमला संघ बाजू बदलतात. आपला हल्ला निम्मा वेळच तुमच्यापुढं.

सातारी: दुपारची मॅच असंल तर पश्चिमेचा स्टँड. ऊन पाठीला.

मिरजकर: आबा म्हणतात, पायऱ्या चढतो, पण कॉर्नर जवळनं दिसला पायजे!

कृष्णाकाठ: मग गोलापासनं 23 मीटरवर आखलेल्या रेषेसमोरची सीट बघा, जिन्याकडंची. आणि भडंग रेल्वेतच संपवा, गेटवर आत सोडतील याचा भरवसा नाही.